निळा टॉवेल, पांढरे डाग

मी टॉवेल बोलतोय. अंग पुसायचा मोठा टॉवेल नव्हे, तोंड पुसायचा; दोन वीत रुंद, चार वीत लांब आणि गर्द निळा. निदान घरात आलो तेव्हा गर्द निळा होतो. आज माझ्या अंगावर जे पांढरे डाग दिसतात, ते पाहून लोक मला फरशी पुसायचं फडकं समजतात. त्यांनी नाक मुरडण्याआधी माझी हकिगत ऐकून घ्यावी.

माझा जन्म सोलापूरचा. तिथून गठ्ठ्यात बांधला जाऊन मी बोटीने कतारला गेलो आणि एका दुकानात जमालच्या नजरेस पडलो. जमाल तिथल्या बंदरात क्रेन चालवतो. त्याचं घर रत्नागिरीला, मांडवीजवळ. सुट्टीवर येताना त्याने मला आईसाठी घेतलं. अशा रीतीने सोलापूरहून रत्नागिरीला यायला मला समुद्र दोनदा ओलांडावा लागला. एसटीने ते एका दिवसाचं काम आहे. पण एसटीने आलो असतो, तर जमालची आई खतिजा मला शेजारपाजारी घेऊन "फॉरेनचा हाय, हात लावून बघ" म्हणत फिरली नसती. माझ्या कोपऱ्यातल्या पट्टीवर सोलापूरचं नाव ठळक छापलेलं होतं. ते कोणी वाचलं नाही. छापलेलं वाचायचं नाही ही माणसांची रीत मला पहिल्याच आठवड्यात समजली. पुढे तिचा फटका मलाच बसला.

मी मोरीजवळच्या खुंटीवर रुजू झालो. घरात खतिजादादी, जमालची बायको, मुलगा उमेर आणि धाकटी मुलगी झोया. चौघंही मलाच तोंड पुसत, पण मला सगळ्यात जास्त काम उमेरने दिलं.

उमेर एकोणीस वर्षांचा. त्याच्या चेहऱ्याबद्दल मी आदरानेच बोलणार आहे, कारण त्या चेहऱ्याने फार सोसलं. सकाळी धुतलेला चेहरा दुपारपर्यंत असा चकाकायचा, की झोया म्हणायची, "भाऊ, जरा टिपून दे, दोन पापड तळून घेते." कपाळावर पुळ्या, गालांवर पुळ्या आणि जबड्याच्या कडेने तर रांगच. त्या झाकायला त्याने दाढी राखली होती. ती विरळ होती. कुंपण होतं, पण आतलं सगळं दिसत होतं.

मग एक पत्र आलं. उमेरला बोटीवरच्या नोकरीच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला होता. मांडवीच्या जेटीवर उभा राहून त्याने लहानपणापासून हेच एक मागितलं होतं. पत्रात खाली एक अट होती: रोज गुळगुळीत दाढी. आगीच्या सरावात तोंडावर मास्क बसवतात. मध्ये केस आले की मास्क घट्ट बसत नाही आणि धूर आत शिरतो. पहिल्याच आठवड्यात मास्क बसवून बघणार होते. ज्याचा बसणार नाही, त्याने घरी जायचं. हातात चार महिने होते.

घरात पेढे वाटले गेले. उमेरने एक पेढा खाल्ला आणि मोरीतल्या आरशासमोर जाऊन बराच वेळ उभा राहिला. मी खांद्यावर होतो. तो पत्राबद्दल विचार करत नव्हता, दाढीखाली काय आहे याचा विचार करत होता.

पहिली दाढी त्याने पाच पात्यांच्या रेझरने केली. तोंडाला अंगाचा साबण फासला, केसांच्या उलट दिशेने रेझर ओढला आणि गुळगुळीत व्हावं म्हणून तीच जागा तीनदा खरवडली. पुळ्यांची टोकं उडाली. वर आफ्टरशेव्ह थापलं. तेव्हा जो आवाज निघाला तो ऐकून झोया म्हणाली, "जेटीवरच्या बोटीचा भोंगा वाजला वाटतं." मी रक्त टिपलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट पुळ्या होत्या.

मग उपायांची रांग लागली. आपल्या गावात डॉक्टर कमी असतील, पण उपाय सांगणारे कमी पडत नाहीत. नाक्यावरच्या नितेश न्हाव्याने टूथपेस्ट सांगितली. शेजारच्या तुळसाकाकूंनी टाचांच्या भेगांना लावतात ते कोकमाचं तेल वाटीभर आणून दिलं. कोणी लिंबू सांगितलं, कोणी सांगितलं दिवसातून आठ वेळा साबणाने धू. उमेरने सगळं केलं. आठ वेळा धुतलेला चेहरा आठ वेळा माझ्यावर रगडला. कातडी सोलली गेली आणि तेल तेवढंच राहिलं. तो बाहेर जाताना मला तोंडाभोवती गुंडाळू लागला. मोटरसायकलवर धूळ लागते, असं सांगायचा. त्याच्याकडे मोटरसायकल नव्हती.

शेवटी आईने त्याला डॉक्टर निशिगंधाबाईंकडे पाठवलं. मी अर्थातच तोंडावर होतो. बाईंनी मला बाजूला केलं, दिव्याखाली चेहरा नीट पाहिला आणि कंटाळा न करता सगळं सांगितलं. चेहरा दिवसातून दोनदाच, सौम्य फेसवॉशने धुवायचा. पुळी फोडायची नाही. संध्याकाळी ट्यूबमधलं औषध पातळ थर करून लावायचं. कातडी कोरडी पडेल, म्हणून तेल नसलेलं हलकं क्रीम. दाढी आंघोळीनंतर, केस मऊ झाल्यावर, एका पात्याच्या रेझरने, केसांच्या दिशेने, दाब न देता. मोठ्या पुळीला वळसा घालायचा. टॉवेल स्वतःचा वेगळा, पांढरा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, धीर सोडायचा नाही.

"डोक्याला तेल लावतोस?"

उमेर थांबला. "नाही."

मी तिथे होतो. माझ्या धाग्याधाग्यात खोबरेल तेलाचा वास होता. पण टॉवेलला कोण विचारतं.

रोज संध्याकाळची नमाज झाली की खतिजादादी मागच्या पायरीवर बसायची आणि उमेर खालच्या पायरीवर. घरच्या नारळांचं तेल ती तळहातावर घेऊन त्याच्या डोक्यात मुरवायची. तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, तरी तेवढी अर्धी घटका ती दुखत नसत. हाताला उरलेलं तेल ती त्याच्या कपाळाला आणि गालांना पुसायची. "दाढीला पण खाऊ दे थोडं." जमाल कतारला गेला तेव्हा उमेर चार वर्षांचा होता. तेव्हापासून हा नेम चुकला नव्हता.

आता उमेर संध्याकाळी तेल लावून घ्यायचा, मग गुपचूप चेहरा धुवायचा आणि औषध लावायचा. टॉवेल मात्र मीच राहिलो, निळाच. पांढऱ्या टॉवेलची गोष्ट त्याच्या कानावरून गेली होती आणि औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी त्याने उघडलीही नव्हती. छापलेलं न वाचायची रीत घरातलीच होती.

पाच आठवडे त्याने एक दिवस चुकवला नाही. कातडी कोरडी पडून पापुद्रे निघाले, आग झाली, तरी लावत राहिला. एकोणीस वर्षांच्या माणसाला मी इतकं नेमाने काही करताना पाहिलं नव्हतं. आणि गंमत अशी, की त्याचा चेहरा होता तसाच राहिला. बदल झाला तो माझ्यात. आधी एका कोपऱ्यात फिकट ठिपका पडला, मग दुसऱ्या. महिन्याभरात माझ्यावर हाताच्या पंजाएवढे पांढरे डाग पडले.

दादीने मला दोरीवर वाळत घालताना ते पाहिले. तिने मला उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. आत जाऊन ट्यूब शोधली आणि तांदळाच्या डब्यात पुरली. दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून ती दवाखान्यात निघाली. उमेर मागून धावत आला.

डॉक्टरांच्या टेबलावर तिने मला पसरलं. "ही बघ बाय, तुझ्या औषधाची करणी. कापडाचा रंग खाल्लान. पोराच्या तोंडाचं काय शिल्लक ठेवील?"

बाई हसल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांना मानतो. "आजी, हे औषध कापडाचा रंग उडवतं, कातडीचा नाही. म्हणून तर मी पांढरा टॉवेल सांगितला होता. खोक्यातल्या चिठ्ठीतही लिहिलंय."

दोघींनी उमेरकडे पाहिलं. उमेरने पंख्याकडे पाहिलं.

"बरं, मग फरक का नाय अजून?"

"तेच मलाही कळत नाहीये." बाईंनी मला उचललं, थबकल्या आणि नाकाजवळ नेलं. "याला खोबरेलाचा वास येतोय."

"येणारच. घरचं तेल, घाण्यावरून काढून आणलेलं."

"कोण लावतं?"

"मी लावते की. रोज. डोक्याला, आणि उरलं तर तोंडाला. म्हणून तर एवढे केस हायत."

बाईंनी समोरचा कागद पाहिला. "हा मला म्हणाला होता, तेल लावत नाही."

दादी हळूच वळली. "उमेर, खोटा बोललास?"

"हो दादी."

"कशाला रे?"

उमेर खाली बघत राहिला. "त्यांनी बंद करायला सांगितलं असतं."

  मग बाई म्हणाल्या, "आजी, याची कातडी मुळातच तेलकट. वरून आणखी तेल आलं की छिद्रं बुजतात आणि पुळ्या येतात. तेल वाईट नाही. याला चालत नाही, एवढंच."

दादीने माझी घडी घातली. ती मोडली आणि पुन्हा घातली. "तेल नको. हात चालेल?"

"हात चालेल."

"मग हात लावीन," दादी म्हणाली.

त्या संध्याकाळी ती पायरीवर बसली. उमेर उगाच अंगणात घुटमळत होता. "बस ना खाली," ती म्हणाली, "का आता तेलाशिवाय मी कोण नाय तुझी?" तो बसला. तिने कोरड्या हातांनी त्याचं डोकं चेपलं, तेवढाच वेळ.

ट्यूब तांदळातून वर आली आणि दादी कारभारीण झाली. मी फक्त उमेरचा झालो. ती मला रोज गरम पाण्यात धुवायची आणि कडक उन्हात वाळवायची. सकाळी तो दाढी करायला बसला की ती उंबऱ्यावर असायची. "दाबू नको. केसाच्या वाटेनं जा. तिथं पुळी हाय, वळसा घाल." आणि तो मला गालावर ओढायला लागला की लगेच, "पुसू नको. टिप." आयुष्यभर मी पुसण्याचं काम केलं होतं. टिपण्यातली अदब मला या घराने शिकवली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी जबड्यावरची रांग मोडली. काही डाग उरले, हनुवटीवर अधूनमधून एखादी पुळी डोकं काढायची, पण पात्याखाली रक्त आलं नाही. उमेरने मला खुंटीवर ठेवून बाहेर जायला सुरुवात केली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सामानाच्या यादीत 'टॉवेल, पांढरे, दोन' असं लिहिलं होतं. या वेळी यादी वाचली गेली. नवे आणले. तरी दादीने बॅगेच्या तळाशी मला सरकवलं.

"दादी, पांढरेच चालतात."

"हा अर्धा झालाच हाय पांढरा. उरलेला तिकडे होईल."

प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात मास्क बसला. शिकवणाऱ्या वस्तादाने कडेने बोट फिरवून पाहिलं, कुठे फट सापडली नाही. उमेर धुराच्या खोलीत गेला आणि चालत बाहेर आला. त्याने मास्क काढला आणि मला हातात घेतलं. तो पुसत नव्हता, टिपत होता.

आता मी वसतिगृहातल्या त्याच्या कपाटात, त्या दोन पांढऱ्या टॉवेलांच्या खाली असतो. रोजचं काम तेच करतात. रविवारी घरी फोन लावायच्या आधी मात्र उमेर मला बाहेर काढतो. माझी दुमडलेली किनार नाकाशी धरतो. इतक्या धुण्यांतूनही तिथल्या शिवणीत खोबरेलाचा थोडासा वास राहिलाय. ज्या तेलाला हाकलायला सगळ्यांनी कष्ट घेतले, त्याचाच. मग तो फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तोंड दाखव." तो चेहरा उजेडात धरतो, डावा गाल, उजवा गाल.

म्हणून माझी एकच विनंती आहे. या वसतिगृहात कपडे धुणाऱ्या माणसाच्या हाती मी कधी लागलोच, तर त्याने मला खुशाल आपटावं, उरलेला निळा रंगही गेला तर जाऊ दे. किनारीला मात्र साबण जरा कमी लावावा.