गोड पाण्याचा पंप

रतनने डाव्या हाताने लेकीचा जबडा दाबून धरला आणि विटेची पूड लावलेलं बोट तिच्या दातांवर खसाखसा फिरवलं. कल्पिताच्या हनुवटीवरून लाल लाळ ओघळली. दात मात्र होते तसेच राहिले, तपकिरी.

"कधीपासून लावतेस मिशरी?"

"न्हाय लावत गो आये."

"खोटं बोललीस तर थोबाड फोडीन. उद्या काशीदची माणसं बघायला येतायत."

ओटीवर सासू, ठमी, कमरेत वाकून बसली होती. मांडीशी मिशरीची डबी. घरात तंबाखू भाजणारी ही एकटीच, मग पोरीला नादी कुणी लावलं ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा? रतनने डबी हिसकून अंगणात भिरकावली. म्हातारीने तिचं मनगट धरलं, तशी रतनने तिला हिसडा दिला. ठमी भिंतीवर आदळली. तिला उठता येईना, मान वळवता येईना.

"सोंगं पुरे आता," रतन म्हणाली.

"तुझ्या पोरीनं माझ्या डबीला कधी बोट न्हाय लावलं," ठमी भिंतीकडे बघतच म्हणाली.

हिरड्यांचं रक्त थांबेना, म्हणून दुपारी पोरीला अलिबागला दातांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी आत बॅटरी मारून पाहिलं.

"हे मिशरीचं नाही. मिशरीचा डाग वर बसतो, घासला की जातो. हा दात तयार होतानाच आत उतरलाय; आधी पांढऱ्या रेघा दिसतात, मग त्या तपकिरी होतात. बोअरचं पाणी पिता? त्यात फ्लोराइड जास्त असणार, तपासून घ्या. घरात कुणाची कंबर, मान आखडलीय?"

रतनच्या डोळ्यांपुढे भिंतीला टेकलेली म्हातारी आली.

"मी पोरीला उकळून पाजलं हो बाई. एक दिवस चुकले न्हाय."

"उकळून ते जात नाही," बाई हळू म्हणाल्या. "पाणी आटतं, ते तेवढंच उरतं."

कल्पिता पोटात होती तेव्हा कोळीवाड्यातली विहीर खारी झाली होती. बोअरची गाडी आली, तेव्हा रतन पोट घेऊन चाकापुढे आडवी बसली आणि बोअर आपल्या अंगणात पाडून त्यावर हातपंप बसवून घेतला. पाणी गोड लागलं. बारशाला पहिला हंडा त्याचाच. त्याचा तोरा तिने आजवर मिरवला.

घरी येताच तिने होडीच्या कामाचा घण उचलला. पहिल्या घावाला पंपाचा दांडा वाकला, दुसऱ्याला तुटला. तिसरा घाव बसायच्या आत हंडे टाकून बायका धावल्या. तेजस्वी, शेजारची, सगळ्यांत पुढे. तिने रतनचे केस मुठीत धरून तिला खाली पाडलं, पाठीत लाथ घातली.

"अंगणातला म्हणून बापाचा झाला काय गो? आमची पोरं काय समुद्र पिणार?"

रतन पाण्याचं सांगू पाहत होती, पण तोंडात माती गेली होती. लाथा थांबत नव्हत्या.

तेवढ्यात कल्पिता मध्ये शिरली. दहावीपासून ही पोर तोंडावर हात धरल्याशिवाय हसली नव्हती. तिने हात खाली घेतला आणि सगळ्या बायकांपुढे आ केला. सुजलेल्या हिरड्या, तपकिरी दात.

"याच पाण्यानं झालंय," ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलं. आजीची कंबर पण."

लाथा थांबल्या. तेजस्वीची धाकटी पदराला लोंबकळत होती. तेजस्वीने मोकळ्या हाताने तिची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडे वळवलं आणि अंगठ्याने वरचा ओठ उचलला. पुढचे दोन दात नुकते नवे आले होते. त्यांवर खडूने ओढाव्यात तशा पांढऱ्या रेघा होत्या.

तेजस्वी बघत राहिली. दुसऱ्या मुठीत रतनचे केस तसेच होते. ते सोडायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.