जेवण झाल्यावर सांगू

पावसाळ्यात भिवंडीला आलेल्या पाहुण्याला काय दाखवायचं, हा प्रश्न आमच्याकडे सहसा पडत नाही, कारण पावसाळ्यात इथे कोणी फिरायला येतच नाही. आला तर लग्नाला, बाराव्याला, नाहीतर कोर्टाच्या तारखेला. रस्ता कुठे संपतो आणि खड्डा कुठे सुरू होतो ते रिक्षावाल्यालाही कळत नाही, आणि बाकीचं शहर लूमच्या खडखडाटात आपल्या कामाला जुंपलेलं असतं. तरी त्या मंगळवारी शेलार गावातल्या महादूच्या घरी पाहुणी आली, आणि भर पावसात तिला फिरवून आणायची पाळी महादूच्या सुनेवर, मृणालीवर आली.

पाहुणी म्हणजे गुणाबाई, महादूच्या बायकोची, हौसाची थोरली बहीण. नवरा रेल्वेत, म्हणून भुसावळला गेली आणि तो वारल्यावरही तिथेच राहिली. तिचा एकुलता एक मुलगा मितेश मात्र बरीच वर्षं शेलारला, मावशीकडे. महादूची वडप्याला भातशेती होती, तिथे आता गोदामं उभी आहेत. ती महादूचा मुलगा देवेश सांभाळतो, आणि मितेश त्याच्या हाताखाली सुपरवायझर होता.

रविवारी ड्युटी संपवून येताना हायवेवर मितेशची बाइक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेली. हातपाय शाबूत राहिले, पण पोटाला जबर मार बसला. लगेच ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला, बोलायला लागला, आणि एकच विचारत राहिला, आई आली का.

आता सरळ डोक्याच्या माणसाने भुसावळला फोन करून काय झालं ते सांगितलं असतं. पण आमच्याकडे सरळ सांगणं म्हणजे दुष्टपणा. महादूने विचार केला, बाईला ब्लडप्रेशर, एकटी येणार, गाडीत तिलाच काही झालं तर? म्हणून त्याने फोनवर सांगितलं, "मितेशला स्थल आलंय, पोरगी बघायला ये." वर हेही सांगितलं की मितेश मालाबरोबर सुरतेला गेलाय, पावसात त्याचा फोन लागत नाही. गुणाबाई होणाऱ्या सुनेसाठी साडी घेऊन रात्रीच्या गाडीत बसली.

तिकडे हॉस्पिटलात देवेशने आपल्या मनाने दुसरंच सांगितलं. "मावशीला सगलं सांगितलंय रं. ती निघालीय. तू फकस्त धीर धर." मितेशला आधार वाटावा, एवढाच त्याचा हेतू. बाप-लेकांनी दोन टोकांना दोन थापा मारल्या आणि दोघेही मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत राहिले. मृणालीला सासऱ्याची थाप ठाऊक होती. नवऱ्याची नव्हती.

मंगळवारी सकाळी मृणाली कल्याण स्टेशनवरून मावशीला घेऊन आली. गुणाबाई ओल्या चपला काढून आत बसली नाही तोच मृणाली सासऱ्याला मागच्या पडवीत घेऊन गेली. ती शाळेत शिकवते, शहरात वाढलेली आहे, तिला गोल गोल बोलता येत नाही.

"बाबा, डॉक्टर सांगतायत की पोटात परत रक्त साठतंय. घरच्यांना भेटवून घ्या म्हणालेत. याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? मावशींना आत्ताच नेऊ या."

"आगो, मानूस दारात पाय ठेवतो न ठेवतो तवर आसं सांगतात का?" महादू म्हणाला. "एकदा सांगितलं का ती चार दिवस पान्याला पन शिवनार न्हाय. दोन घास पोटात जाऊ दे. जेवन झाल्यावर सांगू."

ही आमच्याकडची रीत. उपाशी माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. कोणी गेल्याचा निरोप घेऊन आलेला माणूससुद्धा उंबऱ्यात उभा राहून आधी विचारतो, जेवलात का? आणि त्या प्रश्नानेच ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हौसाने ताट घ्यायला सुरुवात केली आणि बहिणीला विचारलं, "बाय, जेवतस ना?" गुणाबाईच्या पोटात काही गोळा आला नाही. तिच्या डोक्यात सून बसली होती.

"आज मंगलवार," ती म्हणाली. "मितेशचं जमू दे म्हनून मी वज्रेश्वरीला नवस बोललेली. दर्शन घेतल्याबिगर तोंडात काय घालनार न्हाय."

झालं. दर्शनाशिवाय जेवण नाही, आणि जेवणाशिवाय बातमी नाही. महादूने क्षणभर पावसाकडे पाहिलं आणि सुनेला गाडीची चावी दिली. मृणाली त्याला म्हणाली, "हे बरोबर नाही, बाबा." सासऱ्यापुढे सुनेने किती बोलायचं याची आमच्याकडे एक हद्द असते. मृणाली त्या हद्दीपर्यंत गेली आणि तिथून परत फिरली. मला तिचा राग येतो, पण तिच्याहून जास्त त्या हद्दीचा येतो.

वाडा रोडला गाडी खड्ड्यांतून हेलकावे खात चालली होती. गुणाबाई काचेवरची वाफ पदराने पुसून बाहेर बघत होती. माहेरचा मुलूख तो, पण ओळखीचं शेत दिसेल तर शपथ.

"पोरगी कशी हाय गो?"

"चांगली आहे."

"नाव काय?"

मृणालीच्या तोंडून वर्गातल्या एका मुलीचं नाव निघून गेलं. "रंजिता."

"सावली आसली तरी चालंल. पन हसरी पायजे. आमचा मितेश घुम्या हाय, मनातलं बोलत न्हाय. बायको हसरी आसली तर त्याचं बरं हुईल." पुढे तिने रंजिताचं शिक्षण विचारलं, भावंडं विचारली, आणि मृणाली जगात नसलेल्या मुलीला भाऊ-बहीण देत गाडी चालवत राहिली. एकदा तिने गाडी बाजूला घेतली, सगळं सांगून टाकायचं म्हणून. गुणाबाईने विचारलं, "काय गो, उलटी येते का? गोड बातमी हाय काय?" आणि स्वतःच खूश होऊन हसली. मृणालीने पुन्हा गिअर टाकला.

वज्रेश्वरीच्या आधी अकलोलीला उतरून गरम पाण्याच्या कुंडात पाय धुवायचे, मग देवीला जायचं, असा गुणाबाईचा लहानपणापासूनचा नेम. तानसा नदी गढूळ होऊन फुगली होती, काठालगतची कुंडं पाण्याखाली गेली होती. वरच्या एका कुंडावर चार बायका छत्र्या धरून बसल्या होत्या. गुणाबाई साडी गुडघ्यापर्यंत घेऊन त्यांच्यात जाऊन बसली, आणि पाय पाण्यात सोडल्याबरोबर तिच्या तोंडून सुस्कारा निघाला. वरून गार पाऊस, खाली कढत पाणी. कित्येक महिन्यांत तिचे गुडघे इतके हलके झाले नव्हते.

तेवढ्यात मृणालीच्या मोबाइलवर देवेशचा व्हिडिओ कॉल आला. ती चार पावलं लांब गेली.

"त्याला मावशीला बघायचीय," देवेश दबक्या आवाजात म्हणाला. "आयकतच न्हाय. नुसती दाखव. तिला कलू देऊ नको."

स्क्रीनवर मितेशचा चेहरा आला. ओठ सुकलेले, डोळे मोठे झालेले. मृणालीला वाटलं, आईला काही सांगितलेलं नाही हे त्याला माहीतच असणार. बघू दे बिचाऱ्याला. तिने फोटो काढायच्या बहाण्याने मोबाइल कुंडाकडे वळवला.

नेमकी तेव्हाच शेजारच्या बाईची छत्री वाऱ्याने उलटी झाली, तिला धरायला गेलेली दुसरी बाई सगळ्या कपड्यांनिशी कुंडात बसली, आणि गुणाबाई हसायला लागली. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पाय पाण्यात आपटत हसली. शेजारणीला टाळी दिली. म्हणाली, "माज्या मितेशचं लगीन झालं का सुनेला पयली हितंच आननार!" पण पाऊस शेजारच्या शेडच्या पत्र्यावर एवढा वाजत होता की तिचे शब्द मोबाइलपर्यंत पोचलेच नाहीत. पोचलं ते फक्त हसणं.

मितेश बघत राहिला. मग म्हणाला, "ठेव."

मृणालीला वाटलं, दमला असेल.

देवळात मंगळवारची रांग होती. गुणाबाईने ओटी भरली, प्रदक्षिणा घातल्या, देवीपुढे बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. बाहेर मृणाली मोबाइल बघत होती. देवेशचा मेसेज आला, 'लवकर घेऊन ये, थेट इकडे'. ती आत गेली आणि मावशीचा दंड धरून तिला अक्षरशः ओढत पायऱ्यांवरून खाली घेऊन आली. गुणाबाई कुरकुरली, प्रसाद राहिला म्हणाली. मृणालीने आता ठरवलं होतं, कोणालाही विचारायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, आणि गाडी एकदा आंबाडीच्या बाहेर निघाली की मावशीला सगळं सांगायचं.

आंबाडीच्या नाक्यावर कंटेनर अडकला होता. मागे ट्रक, पुढे ट्रक. पुढचा हलेना, मागचा हॉर्न सोडेना. मृणाली स्टिअरिंगवर हात आपटत होती. गुणाबाई म्हणाली, "एवढी कसली घाई गो? मला भूक न्हाय लागलेली." आणि उपासाने, प्रवासाने दमलेली ती बाई मान टाकून झोपी गेली. तिला उठवून सांगायचं मृणालीच्या जिवावर आलं.

शेलारच्या वळणावर रेनकोट घातलेला महादू रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याने हात करून गाडी थांबवली. मृणालीने काच खाली केली आणि ओरडलीच, "बाबा, बाजूला व्हा, मला हॉस्पिटलला जायचंय!"

महादूने मागे झोपलेल्या मेव्हणीकडे बघितलं, मग सुनेकडे. मान हलवली.

"आता घाई न्हाय," तो म्हणाला. "घरी चल. तिला जेवू दे."

गुणाबाई जेवली. हे लिहायला नको वाटतं, पण ती पोटभर जेवली. हौसा स्वयंपाकघराच्या बाहेर आली नाही, कंबर धरलीय म्हणाली. महादूने स्वतः वाढलं. जन्मात ज्याने पाण्याचा पेला उचलून घेतला नाही तो माणूस वाकून वाकून भाकरी वाढत होता, आणि गुणाबाई त्याची चेष्टा करत होती, "आज सूर्य कुनीकडं उगवला?" दुसऱ्यांदा आमटी घेतली. हात धुतला. पदराला पुसला.

"बाय, पोट भरलं ना?" महादूने विचारलं.

"भरलं."

मग त्याने सांगितलं.

गुणाबाई ओरडली नाही. उठली, मागच्या दारी गेली, घशात बोटं घातली, आणि खाल्लेलं सगळं पावसात ओकून टाकलं. पोटात काही राहिलं नाही तरी ओकत राहिली. हौसा पाठीवर हात फिरवायला गेली तेव्हा तिने तो हात झटकून टाकला.

संध्याकाळी सगळे सोपस्कार उरकून मितेशला घरी आणलं. ओटीवर ठेवलं. गुणाबाई भिंतीशी बसून होती. देवेशला ते सहन होईना. काहीतरी चांगलं तिच्या हातावर ठेवावं, असं त्याला वाटलं. आम्हाला गप्प बसताच येत नाही.

"मावशे," तो तिच्यापुढे बसून म्हणाला, "त्यानं तुला बघितली. शेवटाला. फोनवर."

तिने मान वर केली. "कवा?"

"तू कुंडावर व्हतीस तवा."

"मी काय करत व्हते?"

देवेशने मृणालीकडे बघितलं. मृणाली म्हणाली, "हसत होतात, मावशी."

गुणाबाईने देवेशला विचारलं, "मी कुठं हाय म्हनून सांगितलं व्हतंस त्याला?"

"निघालीस म्हनून."

"कशापायी निघाले म्हनून?"

देवेशने पुन्हा मृणालीकडे बघितलं.

"बोल ना रं. मला ठाऊक हाय म्हनून सांगितलंस?"

"हा," देवेश म्हणाला. "तुला सगलं ठाऊक हाय म्हनून."

मृणालीला आत्ता कळलं, त्या स्क्रीनवर मितेशने काय पाहिलं होतं ते. गुणाबाईला तिच्या आधीच कळलं होतं.

"मग तो काय बोलला?"

दिवसभर ज्या घरात एकाहून एक थापा सुचल्या, तिथे आता कोणाला एक साधी थाप सुचली नाही. देवेश खाली बघून म्हणाला, "ठेव म्हनला. तोंड फिरवलं."

गुणाबाई भिंतीला धरून उठली. ओटीवर गेली, मितेशच्या तोंडावरची चादर बाजूला केली आणि खाली वाकून त्याच्या कानाला तोंड लावलं.

"मला कुनी सांगितलं न्हवतं रं," ती म्हणाली. "मितेश, आयक. मला कुनी सांगितलं न्हवतं."

माणसं खांदा द्यायला आली तरी ती तेच सांगत होती.