चार कळ्यांची गाडी

गाडी पहिल्यांदा दोरीवर टांगली गेली. म्हणजे कागदाची. टेबलावर जागाच नव्हती, म्हणून टेलरबाईंनी खाकी कागदातून कापलेले तिचे सगळे भाग अंगणातल्या दोरीला चिमटे लावून अडकवले होते. वारा सुटला की कागदी गाडी फुगायची, सळसळायची, चाकांचे गोल आपापली गिरकी घ्यायचे. मशीनवर बसल्या बसल्या बाई तिच्याकडे बघत राहायच्या. पाय पायडलवर आपोआप चालायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि गाडी दोरीवरून उतरून गल्लीतून निघालेली दिसायची. आवाज नाही, धूर नाही. बाई वर बसलेल्या, मागे मशीन, आणि रस्ता नुसता अलगद मागे सरकतोय.

"गाडी आहे का झबलं?" नणंद बघायला आली तेव्हा म्हणाली. नणंदेचं काय जातंय बोलायला! बाईंनी जन्मात जे काही बनवलं ते आधी कागदावर बेतून. त्यांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

आणि गाडी हवीच होती. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून पुलापलीकडच्या उंच इमारतींत राहायला गेली होती. पँटची उंची कमी करायला तिथून इथवर कोण तंगडतोड करणार? बाईंनी जावं म्हटलं तर गुडघे बोंबलत होते. म्हणून तीन चाकी, विजेवर चालणारी गाडी: पुढच्या चाकात मोटार, सीटखाली बॅटरी, मागच्या पेटीत शिलाई मशीन. इमारतीखाली गाडी लावायची, पेटी उघडायची, शिवायला बसायचं.

लोखंडाचं काम नवऱ्याचं. गल्ली त्यांना ग्रिलवाले म्हणायची. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, सगळं त्यांनी याच अंगणात जोडलं. आतून मशीनचा आवाज, बाहेरून ग्राइंडरचा, असा दोघांचा संसार झाला. हल्ली लोक जाळ्या तयारच आणतात. ग्राइंडर बहुतेक वेळ झाकलेलाच असायचा, आणि दुपारी ग्रिलवाले खाटेवर पडून मशीन ऐकत झोपायचे.

गाडी झाली की बाई सकाळी जाणार ते संध्याकाळी येणार. घरात ते एकटे. हे दोघांनाही कळत होतं.

"तुम्हीही चला की," बाईंनी एकदा म्हणून पाहिलं होतं.

"मी तिथे काय करू? ओझं नुसतं."

बस्स. माणसाने इतकं मानी असू नये हो, पण असतो, त्याला काय करणार! बाईंना असा राग आला की त्यांनी त्याच दिवशी सीट बेतली, एकीची. वर तिच्यासाठी गादीही शिवली, एकीचीच.

गाडीचा तळ मात्र रुंद, आणि कागदाची गुंडाळी अरुंद. मग बाईंनी घागऱ्याला पाडतात तशा चार कळ्या पाडल्या, म्हणजे जोडायच्या चार पट्ट्या. फाटकाच्या उघड्या झडपेतून गाडी तीन-तीन बोटं राखून सहज जाईल असं टेप लावून पाहिलं. फाटकाला झडपा दोन, पण दुसरी कधीच गंजून चौकटीला चिकटली होती. तिचा उपयोग पायपुसणी वाळत घालण्यापुरता.

मोटार आणायला दोघं गेली. ग्रिलवाल्यांनी दुकानदाराला विचारलं, "ओझं किती ओढेल?"

"मशीन ओढेल, दोन माणसं ओढेल, वर त्यांची भांडणंही ओढेल," दुकानदार म्हणाला. ग्रिलवाले हसले. बाईंना बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून.

मग ग्रिलवाल्यांनी दोरीवरून एकेक कागद उतरवला, पत्र्यावर ठेवून खडूने आखला, कापला, जोडला. अंगणात निळ्या ठिणग्या उडायच्या. बाई तिकडे पाठ करून बसायच्या, तरी समोरच्या भिंतीवर उजेड नाचायचा आणि त्यांना वाटायचं, आपण पाण्याखाली बसून शिवतोय. गाडी जरा ऐसपैस दिसत होती. पण कापडही टेबलावर मोठंच दिसतं, अंगावर बरोबर बसतं. शेवटी तिला आकाशी रंग दिला. तो वाळेपर्यंत बाई तिच्याभोवती फिरत राहिल्या.

सकाळी गाडी फाटकाशी नेली आणि ती अडली. थोडीथोडकी नाही, चांगली चार बोटं.

"अहो, असं कसं?"

बाईंनी कागद आणून जमिनीवर पसरले आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! मार्जिन!"

हाताच्या सवयीने त्यांनी प्रत्येक कळीला दोन्हीकडून एकेक इंच सोडला होता. आत तुटक रेघ शिलाईची, बाहेर सलग रेघ कात्रीची. कापडात हे इंच शिलाईत दडतात. लोखंड कुठे दडतंय! ते कडेला कड लावून जोडलं, आणि चार कळ्यांचे आठ इंच उघड्यावर आले.

"सगळं कापायचं आता," बाई रडायलाच लागल्या. "माझी मेलीची अक्कल! अन् तुम्ही तरी? सांगता येत नव्हतं?"

"कागद दिलास तसा कापला."

बाई रडता रडता थांबल्या. 'बाहेरच्या रेघेवर कात्री, आतल्या रेघेवर सुई, कितीदा सांगायचं पोरींनो!' शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना हे अंगणातून ओरडून कोण सांगायचं? याच माणसाने सांगितलं होतं, एकदा सोडून शंभरदा.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. कागदावर एकीची बेतलेली सीट तळाइतकी लांब झाली होती. त्या एका टोकाला बसल्या. शेजारी जागा उरली, एका हडकुळ्या माणसापुरती.

"तुम्हाला ठाऊक होतं."

ग्रिलवाले फाटकाकडे गेले. बंद झडपेवरची पायपुसणी त्यांनी उचलली आणि झडप हाताने ढकलली. ती कुरकुरली सुद्धा नाही. बिजागऱ्या तेलाने चमकत होत्या.

"मशीन वाजलं नाही तर मला झोप लागत नाही दुपारची," ते फाटकाकडेच बघत म्हणाले. "करमणार नाही गं मला."

एवढं एक वाक्य बोलायला या माणसाला आख्खी गाडी बांधावी लागली! बाईंना हसू आलं, रडू आलं, आणि दोन्हीचा रागही आला.

"गादी एकीचीच शिवलीय मी," त्या पदराने नाक पुसत म्हणाल्या.

"मग उसव. मार्जिन ठेवलं असशीलच की."

ठेवलं होतं. दोन्ही बाजूंनी, भरपूर. राग डोक्यात असतानाही हाताने ते ठेवलंच होतं.

बाईंनी तिथेच बसून गादी उसवली, कडा मोकळ्या केल्या, आणि ग्रिलवाल्यांनी सुई ओवून दिली. मग दोघं बसली. दोन्ही झडपांमधून आकाशी गाडी बाहेर पडली, आवाज नाही, धूर नाही, आणि गल्ली अलगद मागे सरकायला लागली.

"सरका जरा तिकडे," बाई म्हणाल्या.

"जागा कुठे आहे?" ते म्हणाले, आणि पुलापर्यंत तसेच चिकटून बसले.