डोहाळजेवणाच्या वड्या

मिसेस पेनफोल्ड ती पानं फेकून देतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. सगळं तिथूनच सुरू झालं असं मला वाटतं. कदाचित त्याच्याही आधी झालं असेल, मी काही विचारायचं टाळलं तेव्हा.

१९८५चा उन्हाळा. मी अमेरिकेत, सिअॅटलजवळच्या बॉथेलला मुलाकडे, शैलेंद्रकडे आलो होतो. साताऱ्याच्या एका वाचनालयात तेहतीस वर्षं काढलेला माणूस मी, त्यात बायको, कुसुम, जाऊन दोन वर्षं झालेली. शैलेंद्र सकाळी सातला कारने ऑफिसला जायचा. सून पद्मजा सातव्या महिन्यात होती. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. घरात आम्ही दोघंच. ती मला संकोचायची, मी तिला. "नाना, चहा करू?" "तू पड, मी करतो." दिवसभरात एवढं बोलणं झालं की पुष्कळ.

शेजारी मिसेस पेनफोल्ड राहायच्या. मूळच्या इंग्लंडच्या. दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इकडे आल्या आणि त्याच्या मागे एकट्याच राहिल्या. घर साधं लाकडी, पण भोवती त्यांनी आपल्या आईची बाग जशीच्या तशी उभी केली होती. दारावर चढलेला फिकट गुलाब, कुंपणाला माणसाहून उंच गुलखैरा, निळे तुरे, जांभळ्या घंटा, वाटेच्या दोन्ही कडांना लॅव्हेंडर. भाज्या आणि फुलं एकाच वाफ्यात, कसलीही रांग नाही. मला आधी तो पसाराच वाटला होता. आठवड्याभराने कळलं की त्यातलं एकही झाड चुकून तिथे आलेलं नाही.

जूनमध्ये एकदा मी कुंपणापाशी बराच वेळ उभा होतो. त्यांनी काही न बोलता एक कात्री माझ्या हातात दिली. तेव्हापासून रोज सकाळी दोन तास मी तिकडे. सुकलेली फुलं खुडायची, उंच तुरे काठीला सुतळीने बांधायचे, स्वीट पी नावाच्या फुलवेलीला शेंगा धरू द्यायच्या नाहीत, बशीत बिअर ठेवून गोगलगायी पकडायच्या. बोलणं जवळजवळ नाहीच. माझं इंग्रजी पुस्तकातलं, त्यांचं भराभर. निघताना त्या मूठभर फुलं द्यायच्या, ती मी देवाला वाहायचो.

बागेच्या कोपऱ्यात, पाल्यापाचोळ्याच्या ढिगाशेजारी, ते झाड होतं. तांबडे जाड देठ, वर सुपाएवढी हिरवी पानं. त्या देठ उपटायच्या, सुरीने पान छाटून ढिगावर भिरकावायच्या आणि देठ घरात न्यायच्या. देठांचा मुरंबा करतात एवढं मला कळलं होतं. मला वाटलं, हे तर अळू. आपण देठांची देठी करतो, या मुरंबा करतात. पण पानं फेकतात? वडीची पानं?

नेमकं त्याच आठवड्यात पद्मजा फोनवर लतिकाशी बोलताना मी ऐकलं. लतिका जवळच्या बेलव्ह्यूला राहणारी, मूळ नागपूरची, पद्मजाची मोठ्या बहिणीसारखी मैत्रीण.

"काही नाही गं, पिझ्झा नको, आइस्क्रीम नको. मला ना, अळूवडी खावीशी वाटते. आईच्या हातची."

लतिकाचा आवाज रिसीव्हरबाहेरही ऐकू येत होता. "आता अळू कुठून आणू मी इथे? सिअॅटलमध्ये मिळेल तर शपथ. तुझं बाळ फार डिमांडिंग आहे बाई!"

पद्मजाची आई नागपूरला आजारी होती, येऊ शकणार नव्हती. आणि ज्या बाईने खरं तर सुनेचे डोहाळे पुरवायचे ती कुसुमही नव्हती. उरलो मी.

शुक्रवारी सकाळी मिसेस पेनफोल्ड आत गेल्यावर मी ढिगावरची दहा ताजी पानं उचलून पिशवीत घातली. विचारायला हवं होतं. पण फेकलेली वस्तू मागायची कशी? भिकाऱ्यासारखं दिसेल, त्यांना वाटेल या लोकांना खायला नाही. इंग्रजी वाक्य मी मनात तीनदा जुळवलं आणि तिन्ही वेळा टाकून दिलं.

घरी नळाखाली पानं धुतली. तेव्हा एक गोष्ट दिसली. पाणी पानावर पसरलं.

अळवावरचं पाणी पसरत नाही. मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळून जातं. हे मराठी माणसाला सांगायला लागत नाही. आणि देठही पानाच्या काठाला होता, अळूचा थोडा आत असतो. मी बराच वेळ त्या ओल्या पानाकडे बघत राहिलो. मग मला वाटलं, मला काय कळतं? आयुष्यात अळू मी जुडीत बांधलेलंच पाहिलं. बाजार कुसुम करायची. इथली माती वेगळी, हवा वेगळी, जात वेगळी असेल. खाजरं असलंच तर चिंच आहे. मी चिंच जरा जास्त घेतली.

कुसुमच्या आजारपणात तिने पलंगावरून सांगून मला वड्या शिकवल्या होत्या. तसंच मी शिरा लाटण्याने दाबल्या, बेसन, चिंच-गूळ, तीळ, ओवा घालून पानांवर थापलं, उंडे वळले, उकडले. शनिवारी सकाळी कापून तळले. वास अगदी घरचा आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तेलाच्या धुरावर ढकललं.

दुपारी लतिका डोहाळजेवणाचे डबे घेऊन आली. पद्मजाला हिरवी साडी, फुलांचे दागिने, खुर्चीला झोपाळ्यासारख्या माळा. लतिकाने वडी पाहिली आणि ओरडलीच.

"काका! अळू कुठून आणलं? कस्टमवाल्यांना काय लाच दिली?"

"शेजारून," मी म्हणालो.

"अगं पद्मे, तुझे सासरे छुपे रुस्तम निघाले! आधी तू खा. डोहाळे तुझे, आम्ही नंतर."

पद्मजाने एक वडी तोंडात घातली. क्षणभर थांबली. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "छान झालीय, नाना." तिने दुसरी उचलली.

वाचनालयाच्या तेहतीस वर्षांत मला कोणी असं काही म्हटलं नव्हतं. मी इतका हरखलो की मला वाटलं, ज्यांच्या बागेतून आलं त्यांना द्यायला नको का? पाच वड्या बशीत घेऊन मी मागच्या दाराने मिसेस पेनफोल्डकडे गेलो. त्या गुलाबापाशी होत्या, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी.

"आमच्याकडचा पदार्थ," मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "तुमच्या पानांचा."

त्यांनी वडी उचलली, तोंडाजवळ नेली. "माझ्या कुठल्या पानांचा?"

मी ढिगाकडे बोट दाखवलं.

मी कोणाचा चेहरा असा उतरताना कधी पाहिला नाही. वडी त्यांनी लॅव्हेंडरमध्ये फेकली आणि माझ्या हातावर अशी चापट मारली की बशी दगडावर फुटली.

"कोणी खाल्लं? मिस्टर पुरुषोत्तम, कोणी खाल्लं? ती पानं विषारी आहेत!"

मला शब्द कळला. अर्थ कळायला वेळ लागला. समोर एक मधमाशी घंटेसारख्या फुलात शिरत होती, तिच्याकडे मी बघत होतो. मग मी पळालो. सदुसष्टाव्या वर्षी, धोतर सावरत, महिनाभर मीच सुतळीने बांधलेल्या त्या उंच तुऱ्यांमधून, ते मोडत.

आयुष्यभर मी लोकांना हळू बोलायला सांगितलं होतं. दारातून ओरडलो तो आवाज मला माझा वाटला नाही.

"खाऊ नका! टाका! पद्मजा, थुंक ते!"

लतिकाची वडी हातातच राहिली. शैलेंद्रने नुकतीच उचलली होती. पद्मजाची ताटली रिकामी होती.

"किती खाल्ल्यास?"

"चार," ती म्हणाली. तिचा हात पोटावर गेला.

मागोमाग मिसेस पेनफोल्ड आल्या, टोपी पडलेली, गुडघ्यांना माती. शैलेंद्र फोनवर हॉस्पिटलला समजावू लागला. त्याला झाडाचं नावच सांगता येईना. त्यांनी फोन हिसकावून घेतला. "रुबार्ब. देठ नाही, पानं. चार छोटे तुकडे. हो, गरोदर आहे." मग आमच्याकडे वळून, "दूध. दूध द्या तिला आणि गाडी काढा."

गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या. त्यांनीच सांगितलं, पहिल्या महायुद्धात भाजी मिळेना तेव्हा कोणीतरी छापून वाटलं होतं की ही पानं कोबीसारखी खाता येतात. त्यांच्या आईच्या गावात एक बाई त्यात गेली. "आईने मला चालायला शिकवायच्या आधी हे शिकवलं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं."

पुढे गाडी चालवणारा शैलेंद्र एक शब्द बोलत नव्हता. तो मला रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, एवढ्याने बहुधा काही होणार नाही. पण मूत्रपिंडांना धोका असतो आणि सातव्या महिन्यात आम्ही 'बहुधा'वर अवलंबून राहत नाही. रक्त घेतलं, सलाइन लावलं, पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून बाळाच्या हृदयाचा आवाज आला, पिठाच्या गिरणीचा पट्टा चालावा तसा, घाईघाईने. तो थांबेल या भीतीने मी पायाची बोटंसुद्धा हलवली नाहीत.

शैलेंद्र कागद भरायला गेला तेव्हा पद्मजा म्हणाली, "नाना, एक सांगू? मला पहिल्याच घासाला कळलं होतं."

"काय?"

"की हे अळू नाही. आंबट लागलं, भलतंच. चिंचेचं नाही, वेगळं आंबट."

"मग खाल्लंस कशाला?" माझा आवाज पुन्हा मोठा झाला. नर्सने वळून पाहिलं.

"तुम्ही पहाटेपासून उभे होतात. म्हटलं, वाईट वाटेल तुम्हाला." तिने सलाइनच्या नळीकडे पाहिलं. "चौथी तर मुद्दाम खाल्ली. तुम्ही नव्हतात तेव्हा. उरली तर तुम्हाला दिसेल म्हणून."

मी खुर्चीवर बसलो. विषारी पान मला समजलं होतं, पण हे समजायला फार जड गेलं. मला पाणी दिसलं होतं, तिला चव लागली होती. एकाच छताखाली दोघांना कळलं होतं आणि दोघंही एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो. तिसऱ्याचा, अजून न जन्मलेल्याचा, त्यात जीव जाऊ शकला असता.

"पाणी पसरलं होतं पानावर," मी म्हणालो. "मी पाहिलं होतं."

अळवावरच्या पाण्याचं तिलाही माहीत होतं. तिला रडू आलं आणि मग, का कोण जाणे, हसू. मला दोन्हींपैकी काहीच येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासण्या ठीक आल्या, संध्याकाळी सोडू म्हणाले. मी घरी आलो तर मिसेस पेनफोल्ड कोपऱ्यात कुदळ घेऊन ते झाड उपटायच्या तयारीत होत्या.

"नको," मी म्हणालो. जुळवलेलं वाक्य नव्हतं, तरी आलं. "झाडाची चूक नाही. पण मला बाकीची सांगा. सगळी."

त्यांनी कुदळ टेकवली आणि मला बागेतून फिरवलं. या जांभळ्या घंटांनी हृदय थांबतं. हे निळे तुरे, मुळापासून टोकापर्यंत विष. स्वीट पीच्या शेंगा, म्हणूनच तर त्या धरू देत नाही. यातली किती फुलं मी देवाला वाहिली होती, आणि त्या फुलांना लागलेलं पूजेचं पाणी तीर्थ म्हणून पद्मजाच्या हातावर घालायचं दोन-तीनदा मनात येऊन संकोचाने राहिलं होतं. एवढा एकच संकोच माझ्या कामी आला.

संध्याकाळी पद्मजा घरी आली. मी तुरीच्या डाळीची आमटी आणि भात केला होता. पाकिटातल्या डाळीवरचं नाव मी तीनदा वाचलं होतं. तिघं जेवायला बसलो. शैलेंद्र अजून माझ्याशी बोलत नव्हता, पण ताट त्याने माझ्याकडूनच वाढून घेतलं.

पद्मजाने पहिला घास घेतला. थांबली. माझा हात भाताच्या पळीवर तसाच राहिला.

तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"नाना, आमटी खारट झालीय."

"फार?"

"फार."

मी उठलो आणि भांड्यात गरम पाणी ओतलं. थोडं बाहेर सांडलं.