लुएलाचं भांडं

व्हर्नाने काचेचं भांडं पुसून कोरडं केलं, त्यात लिंबाच्या केकचे तुकडे रचले आणि बर्फ तुडवत ती शेजारच्या घराच्या मागच्या दाराशी गेली. भांडं लुएलाचं होतं. तळाच्या चिकटपट्टीवर तिचं नाव होतं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं टेलिव्हिजनवर जाऊनही व्हर्ना विसरली नव्हती.

झालं होतं असं, की चर्चच्या जेवणाचं चित्रण करायला डलुथच्या टीव्ही केंद्राची माणसं आली होती. "बाजूला सरका, माझा उजेड अडतोय," असं बटाटे सोलता सोलता कॅमेऱ्याला सुनावणारी ही बाई त्यांना फार आवडली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती त्यांच्या कार्यक्रमात दिव्यांच्या झोतात उभी राहून, नवऱ्याला गरम जेवण कसं वाढावं ते बायकांना शिकवत होती. तिचा स्वतःचा नवरा आर्विड त्याच वेळी पिठाच्या गिरणीतून रिकाम्या घरात येई. ती परतेपर्यंत मात्र ओव्हनमध्ये तिच्यापुरतं जेवण गरम ठेवलेलं असे, लुएलाच्या भांड्यात. आपलं घर शेजारणीच्या जिवावर जेवतंय, ही गोष्ट तिला आतून खात होती. महिनाभर ती चर्चमध्येही लुएलाची नजर चुकवत होती.

आता कार्यक्रम राज्यभर दिसणार होता. निर्माते डेल्मर यांना वर्षभराच्या करारासाठी सोमवारी उत्तर हवं होतं. काम तिला जिवापाड आवडत होतं, आणि तरी ती नाही म्हणणार होती.

"तुझे उपकार कसे फेडू, लुएला? महिनाभर जेवू घातलंस आम्हाला. आता मी काम सोडतेय."

लुएलाने तिला आत घेतलं आणि भांडं टेबलावर ठेवलं.

"अगं, नाताळानंतर मी तुमच्याकडे एक बटाटासुद्धा पाठवलेला नाही. भांडं मागायला दोनदा आले, पण खिडकीतून तुझा नवरा दिसला आणि तशीच मागे फिरले."

"काय करत होता?"

"स्वयंपाक. टीव्ही ओढून पार चुलीसमोर आणलाय. तू सांगतेस तसं तो करतो. परवा तू मांसावर जाऊन पोचलीस, आणि हा पठ्ठ्या अजून कांदाच सोलतोय. 'व्हर्ना, थांब की जरा,' म्हणून पडद्यावर डाफरत होता."

"मला कसं नाही बोलला?"

"गिरणीतल्यांच्या कानावर गेलं तर ते त्याला जगू देतील का? मी सांगितलं म्हणू नकोस हं."

व्हर्ना स्टुलावर बसली. इतक्या वर्षांच्या संसारात आर्विडने तिचं तोंडभरून कौतुक कधी केलं नव्हतं, आणि तिनेही ते कधी मागितलं नव्हतं. आज तिला इतकं भरून आलं, की लुएलाने समोर ठेवलेली कॉफी गार होऊन गेली.

घरी तिने आर्विडला यातलं काही कळू दिलं नाही. सोमवारी तिने करारावर सही केली आणि नेहमीसारखी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. कार्यक्रम थेट घराघरांत जात होता. कांदा चिरून झाल्यावर तिने सुरी खाली ठेवली आणि हात पुसले. स्टुडिओच्या काचेपलीकडून डेल्मर हात फिरवून फिरवून, पुढे चला, पुढे चला, असं खुणावू लागले.

"घाई नाही," ती म्हणाली. "तुमचा कांदा होऊ दे. मी थांबते."

आणि ती थांबली.