दीडपट जमीन

"आप्पा, ती जमीन काळी शे का मुरमाड?"

दलसिंगनं हे विचारलं तेव्हा तो अजून ओट्याच्या खालीच उभा होता. चपला काढून त्यानं पायरीशेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या, खांद्यावर कापडी पिशवी होती आणि चेहऱ्यावर हसू होतं. पितांबर आप्पा खुर्चीत पेपर वाचत बसले होते. कौसाबाई दाराशी सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या.

"कोनती जमीन रे?" आप्पांनी विचारलं. विचारलं खरं, पण त्यांना कळून चुकलं होतं. पोटात आधी कळतं, तोंडाला उशीर लागतो.

"तुम्हीन लिखेल शे ती. दीडपट."

असं म्हणून दलसिंगनं पिशवीतून खताच्या गोणीचा कापलेला प्लास्टिकचा तुकडा काढला. तो उलगडला, आतून घडी केलेलं वर्तमानपत्राचं कात्रण निघालं, आणि ते त्यानं आप्पांच्या मांडीवर ठेवलं. वर आप्पांचा फोटो होता, जाकीट घातलेला. खाली सदराचं नाव, 'दिल्लीचं बोलणं, आपल्या भाषेत'. आणि त्याखाली आप्पांनी स्वतः दिलेला मथळा: 'जंगलातली जमीन सोडा, सपाटीला दीडपट घ्या.'

हा मथळा सुचला त्या दिवशी आप्पा दोन भाकरी जास्त जेवले होते.

पितांबर आप्पांनी तेहतीस वर्षं तहसिलीत कारकुनी केली. हाताखालून गेलेल्या पत्रांपैकी ज्यांच्यासाठी ती होती त्यांना किती कळली असतील, हा हिशेब त्यांनी कधी केला नाही. केला असता तर झोप उडाली असती. 'सबब', 'उपरोक्त', 'त्रुटीपूर्तता' असले शब्द त्यांच्या बोटांतून आपोआप गळत. धनुबाई नावाची एक म्हातारी त्या 'त्रुटीपूर्तते'पायी डोंगर उतरून अकरा वेळा अक्कलकुव्याला आली. दर वेळी तिला कोणी ना कोणी सांगे की कागदात त्रुटी आहे, आणि ती मान हलवून परत जाई. एक फोटो कमी होता एवढंच, पण तेवढं सोप्या शब्दांत सांगायला कुणाचं तोंड उघडलं नाही. आप्पांचंही नाही. बाराव्या वेळी तिचा मुलगा आला, डोकं भादरून.

निवृत्तीनंतर आप्पांना धनुबाई आठवायला लागली. मग त्यांनी एका साप्ताहिकाच्या संपादकाला गाठून सदर सुरू केलं. दिल्लीत नवं विधेयक आलं की ते मिळवायचं, वाचायचं आणि चार साध्या वाक्यांत लोकांना सांगायचं. पद्धत त्यांची त्यांनीच बसवली होती. लिहिलेलं कौसाबाईला वाचून दाखवायचं. कौसाबाई चौथी शिकलेल्या. त्या सूप हातात घेऊन ऐकत, आणि शब्द कळला नाही की त्यांचं पाखडणं थांबे. थांबलं की आप्पा तो शब्द खोडत. सूप अखंड चालू राहिलं की लेख पक्का. बाजारात लोक आप्पांना अडवून सांगत, आप्पा, तुमचं वाचलं, समजलं. नोकरीत जन्मभर न मिळालेला मान हा असा म्हातारपणी मिळाला, आणि तो गोड लागला तर त्यात नवल काय?

त्या जंगलजमिनीच्या लेखात आप्पांनी आधी तीन ठिकाणी लिहिलं होतं की हा अजून कायदा नाही, नुसता मसुदा आहे, पास होईपर्यंत कुणी काही करू नये.

सूप थांबलं होतं.

"मसुदा म्हनजे?"

"कच्चा कागद."

"मंग तीन दाव एकच गोट कसाले? अन् पहिलेच नही-नही करशात तर पुढलं कोन वाचई?"

बाईचं म्हणणं आप्पांना पटलं. सुरुवातीचं वाक्य गेलं, मधलं गेलं. शेवटचं तेवढं राहिलं. लेख चौकटीत बसवायला दोन ओळी जास्त होत होत्या. आप्पांनी मथळ्याकडे पाहिलं, शेवटच्या वाक्याकडे पाहिलं, आणि वाक्य खोडलं. एवढं काय ते, लोकांना कळतंच की, असं ते स्वतःशी म्हणाले. तेहतीस वर्षं ज्यांना काही कळत नाही असं धरून ते वागले, त्यांना आता सगळं न सांगता कळेल अशी त्यांची समजूत झाली होती.

दिवाळीत लेख छापून आला. मोलगीच्या वरच्या अंगाला दलसिंगचा पाडा. तिथल्या शाळेच्या मास्तरांनी तो वडाखाली सगळ्यांना वाचून दाखवला. लोकांनी ऐकलं आणि घरी गेले. दलसिंगनं कात्रण मागून घेतलं.

"मंग काय करं तू?" आप्पांनी विचारलं.

दलसिंग आता पायरीवर टेकला होता. घरात तो पावरी बोलायचा, अहिराणी बाजारात उचललेली, त्यामुळे तो वाक्यं तोडून तोडून, पण नीट बोलत होता. "संक्रांत झाली. फॉरेस्टनी चौकीवर गऊ. साहेबले बोलनू, मी जमीन सोडस. चार एकर. साहेब मन्हं तोंडच देखत राहिना. बोलना, स्वखुशीनं? मी बोलनू, हा, स्वखुशीनं. त्यानी कागद काढा. मी अंगठा नही दिधा आप्पा, सही करी."

सही केल्याचं सांगताना त्यानं आप्पांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"अन् तुन्हा वनहक्कना दावा? वर अपिलात व्हता ना?"

"तोबी काढी लिधा. साहेब बोलना, दोन्ही कसं चालई? बरोबर शे ना?"

"बरोबर शे," आप्पा म्हणाले.

बरोबरच होतं ते. कागदोपत्री इतकं बरोबर काम आप्पांनी नोकरीतही क्वचित पाहिलं होतं. माणसानं ताबा सोडला, दावा मागे घेतला, सही केली, साक्षीदार झाले. कुणी जोर केला नाही, कुणी फसवलं नाही. उद्या कुठल्याही कोर्टात जा, दलसिंगच्या विरुद्ध दलसिंगचीच सही उभी राहणार.

"फुली रडनी," दलसिंग म्हणाला. फुलीबाई त्याची बायको. "बोलनी, सासऱ्यानी झाडं तोडून काढेल जमीन, अशी कशी सोडस? मी तिले कात्रण दाखाडं. बोलनू, आप्पा खोटं लिखत नहीत."

कौसाबाईंचं सूप थांबलं. आज तर एकही अवघड शब्द कुणी उच्चारला नव्हता.

"चैतमां तठे झाडं लावाना खड्डा खंदाले माणसं पाहिजे व्हतात," दलसिंग सांगत होता, आणि सांगता सांगता त्याला हसू येत होतं. "मीच गऊ मजुरीवर. मन्हाच वावरमां. माले तर माहीत, दगड कोठे शे, माती कोठे शे. दुसऱ्याना दहा खड्डा व्हतस तवलोंग मन्हा वीस. साहेब खूश. अन् सुकरामनं ऐका. शेजारी मन्हा. त्यानं काहीच सोडं नही, बसना तसाच. होळीनी आधी त्याले जमिनना पट्टा भेटना, चारच एकर. मी त्याले बोलनू, भाऊ, तू चुकना. माले सहा भेटतीन." दलसिंगनं मान हलवली. त्याला सुकरामची खरोखर कीव येत होती.

आप्पांनी कात्रणाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

आता त्यांना जे माहीत होतं ते असं. लोकसभेची मुदत संपली, निवडणुका झाल्या, नवी लोकसभा आली. जुन्या लोकसभेत जी विधेयकं पास न होता पडून होती ती तिच्याबरोबर मेली. जंगलजमिनीचं त्यांतलंच एक. कुणी ते फाडलं नाही, कुणी त्याविरुद्ध हात वर केला नाही, ते चर्चेलाच आलं नाही. आप्पांनी ही बातमी पंधरा दिवसांपूर्वी वाचली होती. त्यावर सदर लिहावं असं त्यांच्या मनात आलंही होतं. पण मेलेल्या विधेयकावर लिहायचं काय आणि वाचणार कोण, म्हणून त्यांनी दुसरा विषय घेतला.

हे सांगायला चार वाक्यं पुरेशी होती. तो कायदा नव्हता. तो आता होणार नाही. तुला जमीन मिळणार नाही. चूक माझी आहे. चारही वाक्यं अशी, की कौसाबाईंचं सूप एकदाही थांबलं नसतं. जन्मभरात आप्पांना यापेक्षा सोपं काही सांगायचं नव्हतं.

"दलसिंग," ते म्हणाले.

"हा आप्पा."

दलसिंग त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. वर्गात पहिल्या बाकावरची मुलं पाहतात तसा. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत चढवला.

"ते असं शे, की सदर विधेयक लोकसभेच्या विसर्जनामुळे व्यपगत झालं असल्याकारणानं..." ते थांबले. अहिराणीतून आपण केव्हा बाहेर पडलो ते त्यांना कळलंच नाही. "म्हणजे पुढील कार्यवाही तूर्त प्रलंबित राहील."

"टाईम लागई?" दलसिंगनं विचारलं.

"हा. टाईम लागई."

"लागू द्या. सरकारी काम शे." दलसिंगचा जीव भांड्यात पडला. "मंग एक अर्ज लिखी द्या आप्पा. पेरणी तोंडवर शे. तेस्ले आठवण पाहिजे."

आप्पा उठले. आत जाऊन कोरा कागद आणि पेन घेऊन आले, खुर्चीत बसले, मांडीवर पाटी घेतली आणि लिहायला लागले. हात एकदाही अडला नाही. मायन्याला 'मा. सक्षम प्राधिकारी' असं लिहिलं, कारण असा कोणी माणूस कुठल्याच कचेरीत बसत नाही. मग त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने सदर भूमीवरील ताब्याचा स्वेच्छेने परित्याग केलेला असून, प्रस्तावित तरतुदींच्या अनुषंगाने अनुज्ञेय पर्यायी भूमीसंदर्भात यथोचित कार्यवाही होणेस विनंती आहे. सबब अर्ज."

दलसिंग डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्यानं समाधानानं श्वास सोडला.

"हाऊ पक्का कागद शे," तो म्हणाला. "पेपरमांला जरा साधा व्हता."

त्यानं सही केली. अक्षरं एकेक करून, पेन घट्ट धरून. अर्ज कात्रणाबरोबर प्लास्टिकमध्ये गेला, प्लास्टिक पिशवीत गेलं. तो आत जाऊन माठातलं पाणी प्यायला, तांब्या विसळून पालथा ठेवला, बाहेर येऊन कौसाबाईंना हात जोडले आणि पायऱ्या उतरला.

तो फाटकाकडे जात असताना कौसाबाई हळूच म्हणाल्या, "माले यामाना एक शब्द समजना नही."

"समजासाठे नहीच शे ते."

कौसाबाईंनी तांदूळ पातेल्यात ओतून सूप बाजूला ठेवलं. संसाराच्या एकेचाळीस वर्षांत त्या नवऱ्याला कधी उलटून बोलल्या नव्हत्या. "सांगी टाका त्याले," त्या म्हणाल्या. "अजून फाटकलोंगच गया शे. सांगी टाका हो. नही ते मी सांगस."

आप्पा उठले. ओट्याच्या कडेला येऊन त्यांनी हाक मारली, "दलसिंग."

दलसिंग थांबला, वळला. ऊन त्याच्या तोंडावर होतं. त्यानं कपाळावर हाताची सावली धरली. त्याला वाटलं, आप्पांना आपला प्रश्न आठवला. तो तिथूनच हसला आणि म्हणाला, "हा, ते राहीच गयं ना. काळी का मुरमाड?"

आप्पांनी तोंड उघडलं. चार वाक्यांतलं पहिलं जिभेवर होतं, असं ते पुढे कैक दिवस स्वतःला सांगत राहिले.

"काळी," ते म्हणाले.

"मंग कपाशी चालई?"

"चालई."

दलसिंग परत आला. पायरीशी वाकून त्यानं पिशवीतून एक फडक्याचं गाठोडं काढलं आणि कौसाबाईंच्या सुपात सोडलं. डोंगरातली लाल ज्वारी होती, राख चोळून ठेवलेली, एकरभर शेत पेरलं जाईल एवढी. "बापनं देयेल बी शे," तो म्हणाला. "दर साल राखी ठेवस. उतारवर बरी येस हाई. काळीमां इना काय उपेग? भाकरी करा, माय. गोड लागस."

दलसिंगनं रिकामं फडकं झटकलं, घडी करून खांद्यावर टाकलं. मोलगीची जीप उभी राहते त्या बाजूला न जाता तो बाजाराकडे वळला. कपाशीचं बी तिकडे मिळतं.

आप्पा परत खुर्चीत येऊन बसले. मग कौसाबाई उठल्या, पत्र्याचा एक डबा रिकामा करून पुसून घेतला आणि त्यात ती ज्वारी भरली. पाखडली नाही. राखही उडवली नाही. झाकण दाबून बसवलं आणि डबा आप्पांच्या मांडीवर, पाटीच्या जागी, आणून ठेवला.

"हाईवर लिखा," त्या म्हणाल्या.

आप्पांनी पेन उघडलं. पत्र्यावर शाई धरेना, म्हणून कागदाचा तुकडा फाडला, त्यावर लिहिलं आणि खळीनं चिकटवला. मग सवयीनं त्यांनी बायकोला वाचून दाखवलं.

"दलसिंगचं बी आहे. दळू नये."

कौसाबाईंनी डबा उचलून आत नेला.