मुद्देमालात गेलेली खोली

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे. तुम्ही मला पाहिलंत तर हसाल, कारण माझी लांबी जेमतेम दीड फूट आहे. माझ्यात कुणाला राहता येत नाही. बाहुलीच्या घरात शोभावा एवढासा, वावरातल्या घरातला सयपाकाचा कोपरा म्हणजे मी. मला तीन भिंती आहेत. समोरच्या बाजूला काच होती, ती फुटली. ती कशी फुटली हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. माझी गोष्ट गोड नाही. तिच्यात रक्त आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मला घडवलं आचलने. तिचं माहेर भातकुलीकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन ती अकोल्याला आली. दुपारची कामं आटोपली की ती मोबाइलवर परदेशातल्या बायकांनी सजवलेल्या अशा इवल्याशा खोल्या बघत बसायची. शेतावरच्या घरातल्या खोल्या होत्या त्या. पांढरी लाकडी कपाटं, चौकडीचे पडदे, टेबलावर फुलांची बरणी. तिने तशा दोन-तीन करूनही पाहिल्या. मग तिला वाटलं, शेतातलं घर तर आपणही पाहिलेलं आहे, मग हे दुसऱ्याचं कशाला करत बसायचं?

माझा जन्म मुळीच हळुवार झाला नाही. एका मोडक्या सागवानी दाराची जाड फळी तिने पायाखाली दाबून धरली आणि करवतीने कापली. तो माझा तळ झाला. खिळे ठोकताना मी थरथरत होते. गरम गोंदाचे चटके मला बसले, तेवढेच तिच्या बोटांनाही बसले. तुरीच्या वाळक्या काड्या उभ्या लावून तिने भिंती केल्या आणि त्यावर माती थापली. काळ्या मातीची बोटभर चूल केली. कौंडण्यपूरला नदीच्या वाळूतून वेचलेल्या दोन गोट्यांचा पाटा-वरवंटा झाला. केरसुणीच्या काड्यांचं सूप, पेनाच्या टोपणाचा कंदील, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आणि खुंटीला खऱ्या कपाशीचं एक बोंड. खिडकीला मात्र तिने त्या परदेशी खोल्यांसारखा निळ्या चौकडीचा पडदा लावला. फरशी पुसायच्या चिंध्यांत नवऱ्याचा एक विटलेला शर्ट पडला होता, त्यातलं ते कापड होतं.

अमरावतीच्या एका प्रदर्शनात आचलने मला मांडलं. त्या दिवसाइतकं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. मोर्शीहून आलेल्या एक बाई तर काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. "अवं माय, ही तर आमच्या संत्र्याच्या बगिच्यातल्या घरची चूल हाय!" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. गर्दी इतकी झाली की वर्तमानपत्राचा माणूस आला. दुसऱ्या दिवशी आचलचा आणि माझा फोटो छापून आला.

आचलचा नवरा नितेश डाळमिलमध्ये सुपरवायझर होता. फोटो काढताना तोही शेजारीच उभा होता, पण छापताना त्याचा नुसता खांदा राहिला. मिलमधल्या कुणीतरी त्याला त्यावरून चिडवलं. संध्याकाळी तो घरी आला तो वर्तमानपत्र मुठीत चुरगाळूनच.

"माहं नाव कावून नाही याच्यात?" त्याने विचारलं.

"मी सांगतलं होतं त्याईले. त्याईनं छापलं नाही, त्याले मी काय करू?" आचल म्हणाली.

त्याने चहाचा कप भिंतीवर फेकला. तुकडे माझ्या काचेवर येऊन आपटले. मला वाटलं, झालं, राग निघून गेला. मित्रांनो, मी तेव्हा नवी होते. मला काही कळत नव्हतं.

पुढे माझ्याआधी झालेली पांढऱ्या कपाटांची खोली त्याने बुटाखाली चिरडली. आचलने गुडघ्यांवर बसून ती गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्याने बूट तिच्या बोटांवर ठेवला आणि दाबला. बोट मोडल्याचा आवाज सुकी काडी मोडल्यासारखाच येतो. तो मी त्या दिवशी ऐकला. त्यानंतर हात तिच्यावरच पडू लागला. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून, फोन उशिरा उचलला म्हणून, आणि कधी काहीच झालं नाही तरी. केस धरून डोकं ओट्यावर आपटायचं, पाठीत लाथ घालायची. मी त्याच खोलीत, शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर होते. मला डोळे मिटता येत नाहीत.

घरात नितेशची आई होती, पार्वताबाई. मारहाण सुरू झाली की त्या समोरच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करायच्या. नंतर गुपचूप हळद-तेल घेऊन यायच्या आणि आचलच्या पाठीला लावायच्या. एकदा लावता लावता म्हणाल्या, "याचा बापही असाच होता व. मी काहाडले दिवस. तूही काहाड."

आचलने माहेरी जायचं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा नितेश हात जोडून रडला आणि ती थांबली. मोडलेलं बोट वाकडंच जुळलं. त्या वाकड्या बोटाने ती नव्या खोल्या करत राहिली.

मग एका दुपारी मोर्शीच्या त्या बाईंचा फोन आला. त्यांना मी हवी होते. आचलने मला फळीवरून काढलं, काच पुसली, खोकं आणि भुसा आणला. ती गुणगुणत होती. इतक्यात नितेश अवेळी घरी आला. मिलमध्ये त्याचं कुणाशी तरी वाजलं होतं. दारातच त्याचं लक्ष माझ्या खिडकीकडे गेलं.

"हा माहा शर्ट हाय."

"चिंध्यांत होता तो. फाटला होता," आचल म्हणाली.

"मले न विचारता कापला? माह्या कपड्याचे पडदे करून गावभर दाखवून राहिली?"

त्याने मला दोन्ही हातांनी उचललं. मला वाटलं, आता मी भिंतीवर जाणार. पण तो तिच्याकडे वळला. सागवानी तळाचा कोपरा त्याने पुढे धरला होता. पहिला घाव तिच्या कपाळावर बसला. माझी काच फुटली आणि तिच्या गालात घुसली. ती मागे भिंतीवर आदळली, तिने हात वर केले, आणि दुसरा घाव हातावरून सरकून कानाच्या वर बसला. उतरंड कोसळली. चूल निखळून पडली. माझ्या आत रक्त आलं, गरम आणि खूप. आचल खाली घसरली. तिचे डोळे उघडे होते, पण ती पाहत नव्हती.

त्याने मला तिसऱ्यांदा डोक्यावर उचललं.

समोरच्या खोलीतला टीव्ही त्या क्षणी बंद झाला. पार्वताबाई दारात आल्या. "नित्या, ठेव ते!" त्यांनी त्याचा दंड धरला. त्याने कोपर मारून त्यांना ढकललं. त्या ओट्यावर आदळल्या. त्यांचा हात तिखटाच्या डब्यावर पडला. क्षणभर त्या पोटच्या पोराकडे बघत राहिल्या. मग झाकण उडालं आणि मूठभर लाल तिखट त्याच्या डोळ्यांत गेलं.

तो किंचाळला. मी त्याच्या हातून सुटून फरशीवर पडले आणि माझी डावी भिंत मोडली. तो आंधळ्यासारखा चाचपडत लाथा झाडत होता. एक लाथ पार्वताबाईंच्या पोटरीवर बसली, तरी त्यांनी आचलच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत बाहेर नेलं. दाराला बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला. मग त्यांची हाक साऱ्या गल्लीला ऐकू गेली.

"गफ्फारभाऊ! ऑटो काहाडा! माह्या सुनेले मारलं!"

शेजारी अब्दुल गफ्फार राहायचे. ते जेवणावरून तसेच उठले असावेत. "बसवा तिले मांगं. जखमेवर फडकं दाबून धरा, बाई, सोडू नका," एवढं मी ऐकलं. ऑटोचा आवाज दूर गेला. आत आम्ही दोघेच उरलो, तो आणि मी. तो नळाखाली डोळे धरून शिव्या देत होता. मग दारावर धक्के बसले आणि कडी निघाली. पोलीस आले होते.

मित्रांनो, एका पोलिसाने हातमोजे घालून मला उचललं. पंचांच्या सह्या झाल्या. मला कापडात गुंडाळून सुतळीने बांधलं आणि गाठीवर लाल लाख ओतून शिक्का मारला. कागदावर माझं नाव लिहिलं होतं, "गुन्ह्यात वापरलेले हत्यार." ज्या बाईंनी मला पाहून डोळे पुसले होते, त्यांनी हे वाचलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं?

माझ्यातलं रक्त तपासायला मला अमरावतीला नेलं आणि परत आणलं. मग मुद्देमालाच्या कोठडीत टाकलं. तिथे माझ्या डाव्या बाजूला एक कुऱ्हाड होती आणि उजव्या बाजूला बैलगाडीच्या जुवातली शिवळ, बैलाच्या मानेशी अडकवायचा दांडा. खालच्या फळीवर विळे, सुरे, काठ्या, एक लोखंडी तवा आणि लहान मुलीची एक ओढणी. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी होती. कुऱ्हाड लाकडं फोडायला केली होती आणि तवा भाकरी भाजायला. तिथे कुणीही मारायला जन्मलेलं नव्हतं. उंदरांनी माझं कपाशीचं बोंड ओढून नेलं. वाळवीने एक भिंत पोखरली. आतलं रक्त काळं होऊन पापुद्र्यासारखं सुटत गेलं. आचल जिवंत आहे की नाही, हेही मला कुणी सांगितलं नाही.

ते मला न्यायालयात कळलं. शिक्का फोडून कापड उघडलं, तेव्हा समोर आचल उभी होती. कपाळावर जाड वण होता. मला बघताच तिने कठडा घट्ट धरला. पण तिने तोंड फिरवलं नाही.

नितेशचे वकील हसून म्हणाले, "साहेब, हे बाहुलीचं खेळणं आहे. याने माणसाचं डोकं फुटतं, असं म्हणणं आहे यांचं!"

न्यायाधीश बाईंनी मला मागवून घेतलं. एका हाताने उचलायला गेल्या, ते जमलं नाही. मग त्यांनी दुसरा हात लावला. वकिलांचं हसू ओसरलं.

नंतर पार्वताबाई साक्षीला आल्या. वकिलांनी आवाज चढवला. "आजी, तुम्ही तर रोज समोरच्या खोलीत टीव्ही पाहत बसत होता. तुम्हाला काय दिसणार?"

"हाव," पार्वताबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं मी टीवीच पायला. आवाज मोठा करून पायला. त्या दिवशी बंद केला, म्हणून दिसलं."

"सुनेच्या सांगण्यावरून सख्ख्या पोराच्या विरोधात खोटं बोलता?"

"खोटं बोलाचं असतं तर पोरासाठी बोलली असती ना, साहेब. तो माह्या पोटचा हाय. तरी त्यानंच मारलं."

नितेशला शिक्षा झाली. त्याला घेऊन गेले तेव्हा पार्वताबाई बाहेरच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडल्या, असं मी दोन शिपायांच्या बोलण्यात ऐकलं. त्यांच्या शेजारी आचल बसली होती. दोघी किती तरी वेळ तशाच बसल्या होत्या म्हणे.

निकालाच्या शेवटी माझ्याबद्दल एक ओळ असणार होती. हत्यारं नष्ट करायची, असाच रिवाज आहे. कुऱ्हाड, सुरे, सगळे त्याच वाटेने गेले. पण आचलने अर्ज दिला होता, मला परत मागणारा. तिच्या बाजूच्या वकील बाईंनाही त्याचं नवल वाटलं. "अगं, या खोलीनेच तुझं डोकं फोडलं. घरात ठेवून काय करणार?"

"डोकं त्यानं फोडलं, मॅडम," आचल म्हणाली. "हिले तर मी केलं. माह्या हाताचं काम मी जाळू देनार नाही."

अर्ज मंजूर झाला.

आता आम्ही अमरावतीला राहतो. आचल, पार्वताबाई आणि मी. सुरुवातीला आचलने मला कपाटाच्या मागे ठेवलं होतं. कुठे भांडं जरी पडलं तरी ती अजून दचकते. तिचे हात आपोआप डोक्यावर जातात. पार्वताबाई तेव्हा नुसत्या जवळ जाऊन उभ्या राहतात.

एका रविवारी आचलने मला बाहेर काढलं. हातोडी घेतली आणि वाळवी लागलेली भिंत ठोकून पाडली. काळी पडलेली जमीन पेचकसाने खरवडली. ती दात आवळून खरवडत होती, रडत होती, आणि घाव माझ्यावर पडत होते. मला फार दुखलं. तरी मला वाटत होतं, थांबू नकोस.

तेव्हापासून ती मला पुन्हा सजवते आहे. नव्या काड्या आल्या आहेत. चूल पार्वताबाईंनी केली. ती जरा मोठी झाली आहे, पण आचल म्हणाली, राहू द्या, आई.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात कुणी रागाने कप फोडला, फोन आपटला, तुमचं खेळणं पायाखाली घेतलं, तर ती नुसती वस्तू होती असं म्हणून सोडून देऊ नका. वस्तूनंतर माणसाची पाळी येते. शेजारी सांगा, शाळेत सांगा, कुणाला तरी सांगा. आणि कधी तुमचाच हात असा उठला, तर तो तिथेच खाली घ्या.

आज सकाळी आचलने माझी जमीन सारवली. काळी माती, शेण आणि पाणी, दोन बोटांनी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तिच्या वाकड्या बोटाची रेघ मधोमध उमटली आहे, ती तिने पुसली नाही. या, जवळ येऊन पाहा. पण हात सांभाळून लावा, अजून ओलं आहे.